वानखेडे की वानखडे: शोध सैल हवा, निर्णय काटेकोर

वानखेडे आणि वानखडे. विदर्भातल्या कुठल्याही तहसीलच्या आवारात ही दोन आडनावं एकाच पिशवीतून निघतात. आजोबांच्या कोतवाल बुकाच्या (गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) नकलेवर एक, बापाच्या टीसीवर दुसरं, आणि नातवाच्या आधारवर इंग्रजीतून परत मराठीत येताना झालेलं तिसरंच काहीतरी. खोब्रागडे-खोबरागडे, बनसोड-बनसोडे, सोनवणे-सोनावणे, भोसले-भोंसले, कुलकर्णी-कुळकर्णी, ही यादी महाराष्ट्रभर कितीही लांबवता येईल. आणि यात कुणीही खोटं बोललेलं नसतं. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जसं ऐकलं तसं लिहिलं, जन्माची नोंद करणाऱ्याने त्याच्या सवयीने लिहिलं, रेशनकार्ड करणाऱ्याने त्याच्या, आणि घरातल्या माणसाला वाचता येत नव्हतं म्हणून कुणी त्याला विचारलंही नाही.

पण आज या सगळ्याचा हिशोब त्या घरातल्या माणसाकडे मागितला जातो, आणि तो अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. "नाव जुळत नाही" हे तीन शब्द ऐकून परत पाठवलेली माणसं कुठल्याही सेतू केंद्रावर दिसतात. मग एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नावबदलाची जाहिरात द्या, पुन्हा या, सर्व्हर डाऊन आहे, उद्या या, आणि रोजंदारी करणाऱ्या माणसाचा त्यात गेलेला दिवस कुणी मोजत नाही.

मुद्दा नीट मांडायचा तर असा आहे की यादीत नाव शोधणं हे एक काम आणि सापडलेली नोंद याच माणसाची आहे का हे ठरवणं हे दुसरं काम, ही दोन कामं वेगळी आहेत आणि आपल्या बहुतेक सिस्टीम्सनी ती एकच करून टाकलीयेत. कॉम्प्युटरला अक्षर न् अक्षर सारखं दिसलं तर माणूस आहे, नाहीतर नाही. शोध सैल असायला पाहिजे, जवळपासचं सगळं समोर आणणारा, आणि निर्णय काटेकोर असायला पाहिजे, बाकीचे पुरावे बघून माणसाने घेतलेला. आपल्याकडे नेमकं उलटं चाललंय, शोध इतका कडक की नोंद असून सापडत नाही, आणि निर्णय तर कुणी घेतच नाही कारण "सिस्टीम घेत नाही" म्हटलं की विषय संपतो.

आधी हे बघू की एवढे फरक पडतात कुठून, कारण बऱ्याच लोकांना अजून वाटतं की हा अडाणीपणाचा प्रश्न आहे, लोकांनी नीट लिहायला शिकलं की सुटेल. तसं अजिबात नाहीये. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपली बरीचशी सरकारी आणि खाजगी कागदपत्रं मोडीत होती. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत, दोन शब्दांत जागाही सोडत नाहीत, ओळभर रेघ आधी मारायची आणि त्याखाली सलग लिहीत जायचं. म्हणजे त्या कागदावरच्या आडनावाचं एकच एक "बरोबर" देवनागरी रूप असं काही नसतंच, वाचणाऱ्याने ठरवलेलं असतं. मराठवाड्यात निजामाच्या काळातल्या नोंदी उर्दू-फारसीत, गोव्यात १९६१ पर्यंतच्या पोर्तुगीजमधे. पोर्तुगीज कागदात कामत हे कामोतीं होतात, प्रभू पोरोबो होतात, केणी केनीं होतात, शेणवी सिनाय होतात आणि नाईकांच्या शेवटी क्यू-यू-ई ही अक्षरं येतात. या माणसांनी नाव बदललं नव्हतं, कारकून आणि लिपी बदलली होती.

इंग्रजांनी तर राजघराण्यांनाही सोडलं नाही. शिंद्यांचे सिंदिया झाले आणि तेच कायम राहिलं, बडोद्याच्या गायकवाडांच्या इंग्रजी स्पेलिंगमधे मधेच ई येतो पण पुण्यातल्या गायकवाडांना आय लागतो, धार-देवासचे पवार पुआर झाले. मोठ्या लोकांचं स्पेलिंग पुढे इतिहास म्हणून मान्य झालं. साध्या माणसाच्या स्पेलिंगला मात्र आपण चूक म्हणतो आणि त्याच्याकडून दंड वसूल करतो.

इंग्रजी स्पेलिंगचा गोंधळ तर रोजचाच आहे. वाघ डब्ल्यूने का व्हीने, फडके पी-एचने का एफने, झोपे झेडने का जे-एचने, चव्हाणांत एच किती वेळा आणि कुठे, चौधरींची तर पाच-सहा रूपं सहज निघतात. उलट बाजूनेही बघा, के-ए-एल-ई एवढंच लिहिलं तर ते काळे आहेत, काले आहेत का काही वेगळंच, हे इंग्रजीवरून कळायचा मार्गच नाही कारण ळ तिथे गेलेलाच नसतो. साठे आणि साथे एकच. ढोले, ढोळे, धोले एकच. म्हणून इंग्रजीत साठवलेल्या नावावरून परत मशीनने मराठी नाव तयार करणं हा प्रकार मुळातच चुकीचा आहे, जी माहिती जाताना सांडली ती येताना कुठून आणणार? आणि तरी आपल्या कितीतरी याद्या अशाच तयार झाल्यात, मराठी माणसाचं मराठी नाव इंग्रजीतून उलटं करून. मूळ नोंद देवनागरीत घ्यावी आणि इंग्रजी तिच्यावरून काढावं, एवढा साधा क्रम जरी पाळला असता तरी निम्मी डोकेदुखी वाचली असती.

बरं देवनागरीत घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही. पंडित आणि पण्डित, शिंदे आणि शिन्दे, आपल्याला एकच वाटतात, मशीनला वेगळे. याहून वाईट म्हणजे जे डोळ्यांना दिसतच नाही ते. गोऱ्हे, कऱ्हाडे, वऱ्हाडे, बऱ्हाटे अशा आडनावातला तो अर्धा र युनिकोडमधे, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत, दोन प्रकारांनी टाईप होतो, एकात ऱ हे वेगळं अक्षर वापरून आणि दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात. पण एका ऑफिसात एका कीबोर्डवर टाईप झालेले गोऱ्हे दुसऱ्या ऑफिसातल्या दुसऱ्या कीबोर्डवरून शोधले की सापडत नाहीत, आणि शोधणाऱ्या क्लार्कला, समोरच्या माणसाला, कुणालाच कारण कळत नाही कारण दोघांच्याही डोळ्यांसमोर स्पेलिंग अगदी बरोबर आहे! अशा ठिकाणी नागरिकाला "तुमचं नाव नीट लिहून आणा" म्हणणं किती क्रूर आहे बघा. हे दुरुस्त करायला शोधण्याआधी दोन्ही बाजूंची नावं एका ठरलेल्या रूपात आणायची असतात, प्रोग्रामरसाठी हे छोटं काम आहे, ते केलं जात नाही कारण सिस्टीम बनवून घेणाऱ्याने ते मागितलेलं नसतं.

आता विरामचिन्हं. वसईपासून गोव्यापर्यंत डिसोझा, डिमेलो, डिकुन्हा, डिसिल्वा, डिकोस्टा ही आडनावं इंग्रजीत लिहिताना डी नंतर वर एक टिंबासारखं चिन्ह येतं, अपॉस्ट्रॉफी. कुणाच्या कागदावर ते आहे, कुणाच्या नाही, कुणाच्या तिथे मोकळी जागा आहे, आणि जुन्या पोर्तुगीज नोंदीत तर सरळ दोन शब्द आहेत. देवनागरीत डिसोजा, डिसोझा, डिसूझा. कितीतरी ऑनलाईन फॉर्म हे चिन्ह घेतच नाहीत, "स्पेशल कॅरेक्टर चालणार नाही" असा लाल मेसेज येतो. याचं कारण असं की डेटाबेसला प्रश्न विचारायची जी भाषा आहे तिच्यात हेच चिन्ह मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते दाखवतं, त्यामुळे ढिसाळ लिहिलेल्या प्रोग्राममधे एखादा डिसोझा आला की सगळं कोलमडतं, आणि काही वेळा तिथूनच सिस्टीममधे घुसखोरीही करता येते. यावरचा उपाय प्रोग्रामिंग करणाऱ्या प्रत्येकाला कित्येक वर्षांपासून माहितीये, नाव वेगळं पाठवायचं आणि आज्ञा वेगळी पाठवायची. पण ते करण्यापेक्षा चिन्हावरच बंदी घालणं सोपं पडतं, म्हणजे प्रोग्राम नीट लिहिला नाही म्हणून माणसाने आपलं आडनाव बदलायचं. पासपोर्टचं उदाहरण बघा, त्याच्या खालच्या दोन मशीनने वाचायच्या ओळींसाठी जगभर एकच नियम आहे, अपॉस्ट्रॉफी गाळून अक्षरं जोडायची आणि आडव्या जोडरेघेच्या जागी भरणचिन्ह (<) टाकायचं. नियम लिहिलेला आहे, सगळे देश पाळतात, त्यामुळे वरच्या आणि खालच्या नावात फरक दिसला म्हणून विमानतळावर कुणी घाबरत नाही. आपल्या राज्यातल्या खात्यांमधे असा एक पानाचा नियम का असू नये? नाईक-निंबाळकर जोडरेघेने, जागा सोडून का सलग, राजेभोसले एक शब्द का दोन, हे शोधताना सारखंच धरायचं, एवढंच तर ठरवायचंय.

गोव्याच्या लोकांना याची झळ दुहेरी बसते. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांच्या पुढच्या पिढ्या पोर्तुगीज नागरिकत्वासाठी अर्ज करतात तेव्हा आजोबांची जन्मनोंद लिस्बनच्या दप्तरात चढवावी लागते, आणि तिथे आजोबांचं पोर्तुगीज स्पेलिंग, बापाचं भारतीय स्पेलिंग आणि स्वतःच्या पासपोर्टवरचं स्पेलिंग हे सगळं एका रांगेत लावून दाखवताना घरं मेटाकुटीला येतात. आता मतदार याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणातही गोवा होता, तिथे वीस वर्षांहून जुन्या यादीतली आपली किंवा आईवडिलांची नोंद शोधून आजच्या नावाशी जोडायची होती. ज्या प्रदेशात एकाच कुटुंबाचं आडनाव दोन सत्तांनी दोन पद्धतींनी लिहिलंय तिथे हे अक्षरशः जुळवायला सांगणं म्हणजे काय होत असेल, विचार करा.

सगळ्यात जास्त मार बायकांना बसतो, आणि हे मी मुद्दाम वेगळं लिहितोय. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, काही घरांत अजूनही पहिलं नावसुद्धा बदलतात. टीसी माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, बँकेत एक, रोजगार हमीच्या कार्डावर दुसरं. वर स्पेलिंगचे फरक. माहेरच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लावायची वेळ आली की हीच तफावत पुढे केली जाते, आणि जिला हिस्सा द्यायचा नाही तिच्या विरोधात "ही तीच कशावरून" हा प्रश्न किती सोयीचा पडतो ते गावात राहणाऱ्यांना सांगायला नको. मुस्लिम घरांतही तेच. मराठवाड्यात शेख, सय्यद आधी लिहितात आणि मुंबई-पुण्याच्या फॉर्ममधे ते शेवटी जातं, मोहम्मद-महंमद-मुहम्मद, शिवाय इंग्रजीत एम-डी किंवा एम-ओ-एच-डी असं तोडून. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव पहिलं असतं, आधारवर शेवटी. मशीन जर शब्दांचा क्रमही बघत असेल तर त्याच माणसाचे दोन कागद त्याला दोन माणसं वाटणार.

आणि हे सोडवण्याचं ज्ञान नवीन नाहीये. अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मधेच उच्चारावरून नावं लावायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, पुढे साऊंडेक्स म्हणून ती ओळखली गेली आणि १९३० च्या दशकात तिथल्या जनगणनेच्या जुन्या नोंदींची सूची तिच्यावर केली. पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर टाकायचे, पुढच्या व्यंजनांना गटवार आकडे द्यायचे. आजही बऱ्याच डेटाबेसमधे ही सोय तयार असते. पण ती इंग्रजी कानासाठी बनलीये, मराठी आडनावांवर लावली की काय होतं ते करून बघा, जोशी आणि जोग दोघांनाही जे-२०० हाच कोड मिळतो, आणि डब्ल्यूवाला वाघ डब्ल्यू-२०० तर व्हीवाला वाघ व्ही-२००, म्हणजे जे वेगळे ते एकत्र आणि जे एक ते वेगळे. पूर्व युरोपातल्या ज्यू आडनावांबाबत अमेरिकेत हीच अडचण आली तेव्हा रँडी डाइच आणि गॅरी मोकोटॉफ यांनी १९८५ मधे त्या आडनावांसाठी वेगळी पद्धत बसवली, वंशावळ शोधणाऱ्या दोन माणसांनी, आपल्या लोकांची नावं सापडावीत म्हणून. आपल्याला मराठीसाठी हे करायला कुणी अडवलंय? नियम तर आपल्या जिभेवरच आहेत. व आणि डब्ल्यू-व्ही एक धरा, फ आणि पी-एच एक, ज-झ-झेड एका गटात, श-ष एक, न-ण एक, ल-ळ एक, ऱ्हस्व-दीर्घ सोडा, अनुस्वार आणि अर्धा न-म एक धरा, मधला अ पडला तरी चालेल म्हणजे भोसले-भोस्ले आणि जगताप-जग्ताप जुळतील, ज्ञ साठी डी-एन-वाय, जी-वाय आणि जे-एन तिन्ही चालू द्या. विद्यापीठातल्या भाषेच्या आणि कॉम्प्युटरच्या दोन विभागांनी एकत्र बसून करायचं काम आहे हे, त्यासाठी परदेशी कंपनी नको.

इथे एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे, मी तो टाळत नाही. शोध सैल केला तर एकाच्या जमिनीवर दुसऱ्याचं नाव चढेल, एकाची पेन्शन दुसऱ्याला जाईल. चव्हाण आणि चौहान खरंच वेगळे असू शकतात, सोनवणे आणि सोनोने वेगळे असू शकतात, एका गावात तीन-तीन रामदास शिंदे असतात. म्हणूनच मी म्हणतोय की सैल फक्त शोध करा. मशीनने म्हणावं, या पाच नोंदी जवळच्या दिसतात, मग जन्मतारीख, वडिलांचं नाव, गाव, गट नंबर, फोटो बघून माणसाने ठरवावं आणि का ठरवलं ते एका ओळीत लिहून ठेवावं. हे स्वप्न नाहीये, महाराष्ट्रातच २०२५ मधे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांच्या वेळी राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार मतदारांच्या नावापुढे दोन तारे लावले आणि अशा मतदाराकडून खात्री करून घ्यायची असं ठरवलं. याद्यांमधल्या घोळाबद्दल माझ्या तक्रारी आहेतच, पण ही पद्धत तत्त्व म्हणून बरोबर आहे, मशीनने शंका दाखवायची आणि शेवट माणसाशी बोलून करायचा. उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचं. तिथे अर्जातलं नाव सरकारी नोंदीशी तंतोतंत जुळलंच पाहिजे असा नियम होता, एखादी जोडरेघ किंवा अक्षर इकडेतिकडे झालं तरी अर्ज अडकायचा, आणि २०१८ च्या निवडणुकीआधी सुमारे ५३ हजार अर्ज असे लटकले होते, त्यातले बहुसंख्य कृष्णवर्णीयांचे. काटेकोरपणा सगळ्यांना सारखा लागत नाही. ज्यांची नावं सरकारी कारकुनाच्या सवयीची असतात त्यांना तो जाणवतही नाही.

आपल्याकडे सरकारला खरंच शोधायचं असतं तेव्हा काय होतं तेही आपण पाहिलंय. सप्टेंबर २०२३ मधे कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, त्यानंतर जिल्ह्याजिल्ह्यात गाव नमुना १४ (जन्म-मृत्यूच्या नोंदी), शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे, जुनी महसुली दप्तरं बाहेर काढली, मोडी आणि उर्दू वाचणारे शोधून बसवले, लाखो नोंदी निघाल्या. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही, माझा मुद्दा वेगळा आहे. फाटक्या कागदावरच्या, वेगळ्या लिपीतल्या, ऱ्हस्व-दीर्घ नसलेल्या नोंदी तेव्हा सापडल्या कारण शोधायची जबाबदारी दप्तर ज्यांच्याकडे आहे त्यांनी घेतली होती. मग एका विधवेच्या पेन्शनसाठी, एका वारसाच्या फेरफारासाठी, एका मुलाच्या जातपडताळणीसाठी हीच जबाबदारी उलटी त्या विधवेवर, वारसावर, मुलावर का टाकता? जात पडताळणीत तर पणजोबांच्या नावातल्या एका मात्रेवरून मुलांची अ‍ॅडमिशन लटकते, आणि ती मात्रा लिहिणारा कारकून जाऊन साठ वर्षं झालेली असतात.

ही सोय तंत्रात नाही असंही कुणी म्हणू नये. आधारच्या प्रमाणीकरणाचा जो तांत्रिक आराखडा प्रसिद्ध झालेला आहे त्यात नाव पूर्ण जुळवायचं का अंशतः, किती टक्के जुळलं की चालेल, आणि स्थानिक भाषेतलं नाव उच्चारावरून जुळवायचं का, या सगळ्याची तरतूद केलेली होती. पुढे सेवा देणारी बँक किंवा खातं ती वापरतं का, हा खरा प्रश्न. जमिनीच्या बाबतीत महसूल अधिनियमाचं कलम १५५ लेखनातल्या चुका दुरुस्त करू देतं, पण त्यासाठी खातेदारानेच अर्ज घेऊन फिरायचं. सातबारा कॉम्प्युटरवर चढवताना ज्या चुका झाल्या त्या ऑफिसात झाल्या, हस्तलिखित सातबारा ऑफिसकडेच आहे, मग तुलना करून स्वतःहून दुरुस्ती का नाही? ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाची तीन अक्षरं टाकली तरी यादी येते, हे चांगलंय, पण ती तीन अक्षरं डब्ल्यूने सुरू होतात का व्हीने हे परत तुम्हालाच ओळखायचंय.

मागणी करायची तर मी ही करेन. कुठल्याही सरकारी खिडकीवर फक्त स्पेलिंग, जोडरेघ, अपॉस्ट्रॉफी, मोकळी जागा किंवा शब्दांचा क्रम या कारणावरून अर्ज नाकारायचा नाही, नाकारायचा असेल तर जवळच्या कुठल्या नोंदी दिसल्या आणि त्या या माणसाच्या का नाहीत हे लेखी द्यायचं. आणि प्रत्येक माणसाच्या नोंदीत "या नावानेही ओळख" असा रकाना ठेवायचा, ज्यात माहेरचं नाव, जुनं स्पेलिंग, टीसीवरचं नाव सगळं राहील, एकदा तपासलं की पुन्हा प्रतिज्ञापत्र नाही.

हे आत्ता करायला पाहिजे याचं एक ठोस कारण आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नावही येतं, आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. निर्णय उत्तम आहे, मला मनापासून आवडला. पण म्हणजे एकाच घरात २०२२ मधे झालेल्या ताईचं नाव तीन शब्दांचं आणि २०२५ मधे झालेल्या भावाचं चार शब्दांचं, आणि दोघांच्या फॉर्ममधे "मधलं नाव" असा एकच चौकोन. चार शब्दांच्या नावांची ही मुलं २०३० च्या सुमारास पहिलीत जातील, तोपर्यंत शाळेच्या, शिष्यवृत्तीच्या, आधारच्या याद्यांनी हा चौथा शब्द कुठे ठेवायचा आणि कसा शोधायचा हे ठरवलं नाही तर त्यांचे आईवडीलही सेतू केंद्राच्या त्याच रांगेत उभे राहतील.